कसणाऱ्याचा रकाना

बेळगावहून जांबोटीच्या बाजूला निघालं की दोन्ही हातांचा माळ हळूहळू हिरवा होत चाललेला दिसतो. काजू, सागवान, अकेशिया, कुठं बांबू, कुठं आंब्याची कलमं. पंधरा-वीस वर्षांमागं याच तांबड्या माळावर नाचणा असायचा, रताळ्याचे वेल असायचे, उरलेल्यात गुरं चरायची. आता झाडं आलीत आणि झाडांबद्दल वाईट बोलायला माझी जीभ रेटत नाही, कारण २०१९ च्या ऑगस्टमध्ये या जिल्ह्यानं पुराचं पाणी बघितलंय आणि २०२३ ला पाऊस गेला तेव्हा कर्नाटकातल्या बहुतेक सगळ्या तालुक्यांसोबत आमचेही तालुके दुष्काळी जाहीर झाले होते. कणकुंबीला मलप्रभा उगम पावते तिथं डोंगर राखला पाहिजे, माती राखली पाहिजे, पाणी कमी वापरलं पाहिजे, हे सगळं मला मनापासून पटतं. सरकारनं त्यासाठी पैसे द्यावेत हे तर जास्तच पटतं.

पण त्या माळावर नाचणा कोण करत होतं, रताळी कोण लावत होतं, हे कुणी विचारत नाही. बऱ्याच ठिकाणी तो मालक नव्हता. तो वाट्यानं, म्हणजे पिकाचा हिस्सा देऊन करणारा होता, नाहीतर खंडानं, म्हणजे ठरलेलं भाडं देऊन. झाडं आली तशी ती माणसं तिथून उठली, कसलाही गाजावाजा न होता उठली, कारण ती तिथं होती याचा एकही कागद कुणाकडं नाही.

माझा धाकटा मामा त्यातलाच. स्वतःची जमीन म्हणाल तर भावाभावांत वाटणी होऊन पदरात आलेले थोडे गुंठे, त्यावर घर आणि परसातला भाजीपाला. बाकी सगळी शेती दुसऱ्याची. खालच्या बाजूला भाताची खाचरं आणि वर माळाचा तुकडा, दोन्ही एकाच मालकाचं, मालक बेळगावात नोकरीला होते, आता रिटायर झालेत, माणूस चांगला. मे महिन्याच्या शेवटाला मामा धूळवाफ, म्हणजे पावसाआधी कोरड्या मातीत, पेरणी करतो, मग मामी आणि शेजारच्या बायका भांगलणीला, पाऊस धरला तर दिवाळीच्या आसपास कापणी, आणि भात निघालं की त्याच ओलीवर मसूर नाहीतर वाटाणा. भात निम्मं-निम्मं. गवत मामाचं, कारण बैल आणि म्हशी मामाच्या. वरच्या माळावर रताळी, ती बेळगावच्या मार्केट यार्डात जायची आणि रोख पैसा हातात यायचा तो फक्त त्यातूनच. खाचरानं घर खाल्लं-पिल्लं आणि माळानं पोरांच्या फिया भरल्या असा तो हिशोब होता.

मग मालकांच्या मुलानं माळावर काजू आणि सागवान लावायचं ठरवलं. त्यात वावगं काही नाही. वनखात्याची कृषी अरण्य प्रोत्साह योजना २०११-१२ पासून चालू आहे, रोपं कमी दरात मिळतात आणि जगलेल्या प्रत्येक रोपामागं पहिल्या वर्षी ३५, दुसऱ्या वर्षी ४०, तिसऱ्या वर्षी ५० असे मिळून १२५ रुपये खात्यावर येतात. वर लक्ष द्यायला रोज माणूस लागत नाही, बेळगावात बसून शेती होते. मालकांचा मुलगा येऊन मामाला नीट सांगून गेला, मामा या सालापासून वरचं नको करायला, खालचं तुम्हीच करा. मामा होय म्हणाला. दुसरं काय म्हणणार. रताळी गेली, त्याबरोबर बांधावरचं आणि पडीकातलं गवत गेलं, गवत गेलं म्हणून एक म्हैस विकली, म्हैस गेली म्हणून शेणखत कमी पडलं आणि मग खालच्या खाचरात युरियाची पोती वाढली. पर्यावरणाच्या योजनेचा पैसा माळावर पडला आणि खाली खाचरात रासायनिक खत वाढलं, हे कुठल्याच अहवालात येणार नाही कारण खाचराचा आणि माळाचा संबंध फक्त मामाच्या गोठ्यातून जात होता.

आता हे असं का होतं ते समजून घ्यायला थोडं मागं जावं लागतं. १९५६ च्या १ नोव्हेंबरपर्यंत आपण मुंबई राज्यात होतो, त्यामुळं १९४८ चा मुंबई कुळकायदा आपल्याकडंही होता. तिकडं महाराष्ट्राच्या बाजूला १ एप्रिल १९५७ च्या कृषक दिनाला कुळं मालक ठरली, तोपर्यंत आपण म्हैसूर राज्यात गेलो होतो. इकडचा जमीन सुधारणा कायदा १९६१ चा, अंमलात आला १९६५ ला, आणि त्याला खरी धार आली मुख्यमंत्री देवराज अरसूंच्या काळात, १९७४ च्या दुरुस्तीनं. १ मार्च १९७४ पासून कुळांकडं असलेल्या जमिनी सरकारकडं वर्ग झाल्या आणि कुळांनी फॉर्म नंबर ७ भरून ट्रिब्युनलपुढं आपला हक्क मांडायचा. आमच्याकडं म्हाताऱ्या माणसांना अजून "सात नंबर फॉर्म" म्हटलं की सगळं आठवतं. कुणाला जमीन मिळाली, कुणी शेवटच्या दिवसापर्यंत, म्हणजे १९७९ च्या जूनपर्यंत भरलाच नाही, कुणी मालकाच्या भिडेपोटी गप्प बसलं. किती घरं त्या कायद्यानं उभी राहिली ते मी बघितलंय आणि तो कायदा फार मोठा होता असंच मला वाटतं.

खरं त्याच कायद्यानं पुढं जमीन कुळानं द्यायलाच बंदी घातली. सैनिक आणि जहाजावर काम करणारे अशी अगदी थोडी सूट सोडली तर शेतजमीन खंडानं देता येत नाही. त्यामागचा विचार बरोबर होता, जमीनदारी परत डोकं वर काढू नये. पण झालं काय, की कसणं थांबलं नाही, फक्त ते तोंडी झालं. शहरात गेलेला मालक, विधवा बाई, म्हातारं जोडपं, शिक्षक, सैन्यातला जवान, सगळ्यांची जमीन कोणीतरी करतंच आहे. आरटीसीत, म्हणजे आमच्याकडच्या सातबारा उताऱ्यात, मालकाचा एक रकाना असतो आणि कसणाऱ्याचा एक रकाना असतो. त्या दुसऱ्या रकान्यात आपल्याशिवाय दुसऱ्याचं नाव लागू नये म्हणून मालक डोळ्यात तेल घालून बसलेला असतो. कुणी कुणी दर दोन वर्षांनी करणारा माणूसच बदलतात, एकाच माणसाकडं जमीन जास्त दिवस राहिली तर उद्या तो हक्क सांगेल म्हणून. करणारा बिचारा हक्क सांगत नाही, त्याला फक्त पुढच्या सालाची पेरणी करायची असते.

आता या असल्या तोंडी कारभारावर आजच्या योजना आणून ठेवा. सगळीकडं पहिली गोष्ट लागते ती एफआयडी, म्हणजे राज्य सरकारच्या 'फ्रूट्स' या ऑनलाइन यादीतली शेतकरी नोंदणी, आणि ती नोंदणी बसते आरटीसीच्या सर्व्हे नंबरवर. रयत संपर्क केंद्रात जा, बागायत खात्यात जा, वनखात्यात जा, पहिला प्रश्न "उतारा कुणाच्या नावावर?" मामाच्या नावावर जे गुंठे आहेत तेवढाच मामा शेतकरी. बाकीच्या शिवारात, जिथं तो पहाटेपासून असतो, तिथं तो कुणीच नाही.

ठिबकचं बघा. पाणी वाचावं म्हणून कर्नाटकात ठिबक-तुषारला २ हेक्टरपर्यंत ९० टक्के सबसिडी आहे, ही खरंच मोठी मदत आहे. केंद्राच्या नियमांत भाडेपट्ट्यानं करणाऱ्यालाही ती देता येते असं लिहिलंय, अट एवढीच की पट्टा किमान ७ वर्षांचा पाहिजे. आता तुम्हीच सांगा, ज्या राज्यात शेतजमिनीचा पट्टा करायलाच कायद्याची बंदी आहे तिथं ७ वर्षांचा रजिस्टर पट्टा कुठून आणायचा? लिहिणाऱ्याला वाटलं असेल आपण कसणाऱ्याची सोय केली. ती सोय आमच्या गावापर्यंत येत नाही. म्हणून ठिबक मालकाच्या नावावर येतं, आणि ठिबक आलं की मालकाला ऊस नाहीतर भाजीपाला स्वतः करावासा वाटतो, नाहीतर "आता पाण्याची सोय आहे" म्हणून खंड वाढतो. पाणी वाचतं, नक्की वाचतं. वाढलेला खंड मात्र मामासारख्याच्या बोकांडी.

सेंद्रिय शेतीचं मला सगळ्यात जास्त लागतं. परंपरागत कृषी विकास योजनेत २० हेक्टरचा गट करायचा, ३ वर्षं रासायनिक काही घालायचं नाही, तेव्हा कुठं ते पीक सेंद्रिय म्हणून विकता येतं. हेक्टरी ३१,५०० रुपये तीन वर्षांत, त्यातले १५,००० थेट शेतकऱ्याच्या खात्यावर निविष्ठांसाठी, म्हणजे बी-खतासारख्या गोष्टींसाठी. आता नोव्हेंबर २०२४ पासून राष्ट्रीय नैसर्गिक शेती अभियानही आलंय. हे सगळं चांगलंच आहे, जमीन खरोखर मरत चालली आहे आमच्याकडं, विशेषतः ऊसपट्ट्यात, चिकोडी-रायबाग-अथणीकडं तर पाणी आणि खत दोन्ही नको तेवढं पडलंय. पण तीन वर्षं कुणी थांबायचं? पहिल्या-दुसऱ्या वर्षी पीक घटतं हे कुणीही शेतकरी सांगेल. ज्याला पुढचं साल मिळणार का नाही माहीत नाही त्यानं आपल्या गोठ्यातलं शेणखत गाड्या भरभरून दुसऱ्याच्या मातीत घालायचं, गांडुळं परत आणायची, आणि तिसऱ्या वर्षी जमीन भुसभुशीत झाली की मालकानं म्हणायचं बरं झालं, आता खंड जरा वाढवूया. मामाच्या शेजाऱ्याचं अगदी हेच झालंय. पडीक तुकडा घेतला, दगड वेचले, बांध घातले, चार सालं राबून त्याला पिकता केला आणि पाचव्या सालाला तो तुकडा दुसऱ्याकडं जास्त पैशाला गेला. तेव्हापासून तो माणूस कुठल्याच जमिनीत शेणखत घालत नाही, जे एका सालात परत मिळतं तेवढंच घालतो, पोतं फोडायचं आणि टाकायचं. त्याला कुणी माती बिघडवणारा म्हटलं तर मला राग येतो. मातीवर माया करायला पुढच्या सालाची खात्री लागते हो.

म्हणजे बघा, झाड असो, ठिबक असो, सेंद्रिय असो, पर्यावरणाच्या कामाला वेळ लागतो आणि सरकार पैसे देतं ते त्या वेळेसाठी, टिकून राहण्यासाठी. आणि करणाऱ्याकडं नेमकी तीच गोष्ट नाही. त्यामुळं पैसा आपोआप तिकडं वळतो जिथं कागद आहे, आणि पैशामागून जमीनही.

सोलरचं तर याच्यापुढचं. तुमकूर जिल्ह्यातल्या पावगडला २,०५० मेगावॅटचा सोलर पार्क झाला, सुमारे १३,००० एकर जमीन, शेतकऱ्यांकडून विकत न घेता पट्ट्यानं घेतली, एकरी वर्षाला २१,००० रुपये आणि दर दोन वर्षांनी ५ टक्के वाढ. ज्यांची जमीन होती त्या कोरडवाहू शेतकऱ्यांना ते परवडलं, जमीन नावावर राहिली, मोबदला घरबसल्या आला, त्यांचं मी वाईट म्हणत नाही. पण त्या १३,००० एकरांत कुणाच्या शेळ्या चरत होत्या, कुणी वाट्यानं भुईमुगाची शेंग करत होतं, त्यांना त्या पट्ट्यातून काहीच नव्हतं, कारण पट्टा मालकाशी. आता केंद्राच्या पीएम-कुसुम या सोलर योजनेत ५०० किलोवॅटपासूनचे छोटे प्रकल्प सबस्टेशनच्या जवळपासच्या पडीक आणि कोरडवाहू जमिनीवर करता येतात, त्यामुळं हा विषय पावगडपुरता राहणार नाही, आपल्या सौंदत्ती-अथणीच्या माळालाही लागू होणार. मला यात जे टोचतं ते असं, की भात पिकवायला जमीन पट्ट्यानं देणं कायद्याला चालत नाही आणि तीच जमीन पॅनल उभे करायला पाव शतकासाठी देता येते. कोरडवाहू एकराला एवढा खंड कुठला करणारा देऊ शकेल? एवढं त्या माळावर पिकत तरी असलं पाहिजे ना.

आणि हे फक्त आपल्याकडंच आहे असं नाही, म्हणून तर मला जास्त काळजी वाटते. इंग्लंडमध्ये शेतजमिनीचा जवळजवळ तिसरा हिस्सा भाड्यानं करणाऱ्यांकडं आहे, तिथं सगळं कागदावर असतं, १९९५ चा वेगळा कायदा आहे, करार असतात, वकील असतात. युरोपियन युनियनमधून बाहेर पडल्यावर तिथल्या सरकारनं जमिनीच्या एकरावर मिळणारं अनुदान बंद करत आणून पर्यावरणाच्या कामाला पैसे द्यायला सुरुवात केली, आणि थोड्याच दिवसांत ओरड सुरू झाली की मालक झाडं लावण्यासाठी जमिनी परत घ्यायला लागलेत. करार दोन-तीन वर्षांचे आणि झाडांची योजना कितीतरी लांब मुदतीची, मग करणाऱ्यानं भाग तरी कसा घ्यायचा. त्यावर २०२२ मध्ये केट रॉक यांच्या अध्यक्षतेखाली एक मोठा अहवाल आला, त्यात सरळ म्हटलंय की योजना आखतानाच भाडेकरू शेतकऱ्याला धरून आखा. मातीसाठीची त्यांची नवी योजना तेवढी तीन वर्षांची ठेवली होती, मालकाची सही नसली तरी करणाऱ्याला अर्ज करता येईल अशी. पुढं मार्च २०२५ मध्ये तीच योजना नव्या अर्जांसाठी एकदम बंद केली तो भाग वेगळा. सांगायचं एवढंच की जिथं कागद पक्के आहेत तिथंही करणारा मागं पडला, आपल्याकडं तर कागदच नाही.

मालकांची बाजू मी उडवून लावणार नाही, आमच्याच पाहुण्यांत तेही आहेत. एका मावशीची जमीन आहे, काका गेले, मुलगा पुण्याला. तिला कुणी म्हटलं की करणाऱ्याला लिहून दे तर तिच्या पोटात गोळा येतो. तिच्या सासऱ्यांची अर्धी जमीन सात नंबर फॉर्मवर गेलेली तिनं स्वतः बघितली आहे. ती म्हणते, "मी देतो की करायला, खरं कागद नको रे बाबा, कागद झाला की जमीन गेली." ही भीती खोटी नाही. आणि सरकारनं २०२० ला बिगरशेतकऱ्यालाही शेतजमीन घ्यायची मुभा दिली तेव्हापासून जमिनीला भलतेच भाव आलेत, बेळगावच्या आसपास तर विचारायलाच नको, मग मालक जास्तच जपतो. बायपास, रिंगरोड, लेआउट या सगळ्याच्या मध्ये एखादं शिवार अजून भाताचं आहे, आणि तिथंही करणारा वेगळा आणि मालक वेगळा.

उपाय काहीच नाही असं मात्र नाही. नीती आयोगानं २०१६ ला जमीन भाड्यानं देण्याचा एक नमुना कायदा केला होता, मालकी शंभर टक्के सुरक्षित ठेवून करणाऱ्याला कर्ज-विमा मिळावा म्हणून. आंध्र प्रदेशनं २०१९ ला पीक करणाऱ्यांच्या हक्काचा कायदा केला, त्यात ११ महिन्यांचं कार्ड मिळतं, आणि त्या कार्डानं जमिनीवर कसलाही हक्क येत नाही असं कायद्यातच लिहिलंय. तिथंही अडचण आहे, मालकाची सही लागते आणि मालक सही करत नाहीत. शिवाय ११ महिन्यांच्या कार्डावर पीक निघेल, झाड आणि माती नाही निघणार. पण ओडिशानं कालिया या शेतकरी मदतीच्या योजनेत वाट्यानं करणाऱ्यांना आणि भूमिहीनांना धरलं, म्हणजे मनात आणलं तर सरकारला करणारा माणूस दिसतो.

मला आपल्या कर्नाटकात एवढं तरी व्हावं असं वाटतं की झाडाचा, ठिबकचा, सेंद्रियचा अर्ज घेताना "गेली तीन सालं ही जमीन कोण करत होतं" हा प्रश्न फॉर्मवर असावा, ग्रामपंचायतीत पंचांसमोर विचारावा, गावात सगळ्यांना माहीतच असतं. तो माणूस आहे म्हटल्यावर अनुदानाचा काही भाग त्याच्या खात्यावर जावा, निदान माती आणि रोपं सांभाळण्याच्या कष्टाचा भाग. आणि योजनेच्या मुदतीपुरतं त्याला त्या जमिनीवरून उठवता येऊ नये, मालकी हक्काला कसलाही धक्का न लागता. पिकाची नोंद आता मोबाईलवर होते, शेतात उभं राहून फोटो काढतात, त्या फोटोतला माणूसच नोंदवायचा राहतो. आणि हो, फॉर्म मराठीतही असावा. कन्नड आम्ही बोलतो, बाजारात आणि एसटीत कुणाचं अडत नाही, पण अटी-शर्तींचं पान वाचून सही करायची म्हटलं की मामाला दुसऱ्याचं तोंड बघावं लागतं.

मामानं यंदा एक दुसरी जमीन बघितली आहे. एका रिटायर शिक्षकांची, थोडं खाचर आणि थोडा माळ. मालक बोलायला मोकळे आहेत म्हणून मी मध्ये बसलो. साध्या वहीच्या कागदावर लिहायला घेतलं, कायद्यात ते कुठंच बसत नाही हे तिघांनाही माहीत होतं. झाडं माळभर न लावता बांधावर लावायची, मधल्या जागेत मामानं रताळी करायची, असं ठरलं. झाडांची नोंद मालकांच्या उताऱ्यावर, पण रोपं जगवायची मामानं, म्हणून वनखात्याचे पैसे येतील त्यातले निम्मे मामाला, हेही गुरुजी लगेच म्हणाले. शेणखताचं मी काढलं. मामा तीन वर्षं गाड्या घालणार असेल तर तीन वर्षं जमीन त्याच्याकडंच राहावी आणि खंड तोच राहावा. गुरुजींनी पेन खाली ठेवलं, म्हणाले मुलाला विचारतो, तो हुबळीला असतो. मामा म्हणाला विचारा की, घाई नाही, खरं पेरणीच्या आधी सांगा म्हणजे शेण कुठं टाकायचं ते मला कळंल. गुरुजींच्या मुलाचा फोन अजून आलेला नाही.